टार, कोलतार, बिटुमेन: 'डांबर' म्हणजे यातलं नेमकं कोणतं?

एका ताईंनी विचारलंय: "आमच्या सोसायटीच्या गच्चीला गळती आहे. ठेकेदाराने कोटेशनमध्ये 'टार फेल्टिंग' लिहिलंय आणि तोंडाने तो 'डांबर मारतो' म्हणतो. माझी मुलगी म्हणते, टारने कॅन्सर होतो, सिगारेटमध्ये तेच असतं. मग रस्त्यावर काय असतं? कपाटातल्या डांबरगोळीत काय असतं? हे सगळं एकच आहे का, आणि हा शब्द मुळात आला कुठून?"

मी तीसेक वर्षं रस्त्याच्या कामांवर काढली आहेत. डांबर किती तापलंय हे अजूनही वासावरून सांगू शकतो, घरच्यांना याचं अजिबात कौतुक नाही. तर आधी थेट उत्तर. आज रस्त्यावर असतं ते बिटुमेन. गच्चीवर 'टार फेल्ट' (डांबरात भिजवलेली जाड चादर) या नावाने येतं तेही बहुतेक वेळा बिटुमेनच असतं. डांबरगोळीचं माहेर म्हणजे दगडी कोळशाचं डांबर, म्हणजे कोलतार. आणि सिगारेटमधलं टार यातलं काहीच नाही. मुलगी चुकली नाहीये, पण तिच्या मनात असलेलं टार आणि तुमच्या गच्चीवर येणारं डांबर हे दोन वेगळे पदार्थ आहेत. काळं आणि चिकट दिसेल ते डांबर, असं मराठीने ठरवून टाकल्यामुळे हा सगळा गोंधळ होतो. इंग्रजीतही फार वेगळी परिस्थिती नाही, तिथेही लोक बिटुमेनला सर्रास टार म्हणतात.

आता शब्दाकडे येऊ, कारण पदार्थ वेगळे का आहेत ते शब्दातच सापडतं.

इंग्रजी 'टार' हा जुना जर्मॅनिक शब्द आहे आणि त्याचं मूळ 'झाड' या अर्थाच्या धातूशी पोचतं. इंग्रजीतला 'ट्री' त्याच घरातला. संस्कृतातले 'दारु' म्हणजे लाकूड आणि 'द्रुम' म्हणजे वृक्ष हेही त्याच घरातले. म्हणजे 'टार' आणि आपला 'देवदार' ही लांबची भावंडं. (प्यायची दारू फारसीच्या वाटेने आली, तिची गोष्ट इथे नको.) टार म्हणजे मुळात झाडाचा रस, आणि शेकडो वर्षं ते होतंही तेच. फिनलंड-स्वीडनच्या जंगलांत पाइनची तेलकट बुंधं आणि मुळं नरसाळ्यासारख्या खड्ड्यात रचायची, वरून माती आणि गवताची ढेकळं लावून हवा कोंडायची आणि आतल्या आत दिवसेंदिवस धुमसू द्यायची. लाकूड पेट घेत नाही, त्याचा कोळसा होतो आणि खालच्या पन्हळीतून तपकिरी-काळा दाट रस ठिबकतो. तो पिंपांत भरून जहाजांसाठी जायचा. लाकडी जहाजाचा तळ, दोरखंड, शिडाचं कापड, सगळ्याला हाच लेप. 'स्टॉकहोम टार' हे व्यापारी नाव आजही चालतं, घोड्यांच्या खुरांना लावायला ते अजून विकलं जातं.

या टारने माखलेल्या खलाश्यांनाच इंग्रज 'टार' म्हणायला लागले. टार फासलेलं जाड कापड ते 'टारपॉलिन'. त्याचं हिंदीत 'तिरपाल' झालं. आणि आपली 'ताडपत्री'? तिचा ताडाच्या पानाशी अर्थाअर्थी काही संबंध दिसत नाही. पावसाळ्यात ट्रकवर बांधतो ती वस्तू ताडाची नसते आणि पत्रही नसते. माझा कौल असा, की 'टारपॉलिन' मराठी कानावर पडलं आणि लोकांनी ओळखीच्या शब्दात ते बसवून घेतलं. म्हणजे शब्द शोधत तुम्ही गच्चीपर्यंत आलात, पण तो पावसाळ्यात तिथेच दोरीने बांधून ठेवलेला होता.

कोकण किनाऱ्यावर पाइन नव्हता, त्यामुळे पाइनचं टार आपल्या होड्यांना लागलं नाही. आपल्याकडे फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा, वर माशाचं तेल, राळ, चुना आणि चरबी यांचे लेप द्यायचे, अशी पद्धत. राळेला मलय भाषेत 'दामर' म्हणतात, इंग्रजीतला 'डॅमर' तिथूनच घेतलेला. सह्याद्रीतल्या धुपाच्या झाडाची काळी राळ इंग्रजी पुस्तकांत 'ब्लॅक डॅमर' या नावानेच येते. हिंदीतला 'डामर' आणि आपलं 'डांबर' याच वाटेवरचे शब्द आहेत, असं मला वाटतं: होडीला फासायची राळ ती डामर, मग होडीला फासायचं जे काही काळं ते डांबर. 'डांबरट' या शब्दाचाही डांबराशी संबंध जोडायचा मोह होतो, चिकटतो आणि डाग पाडतो म्हणून. पण तो मोह मी आवरतो.

दुसरं घराणं दगडी कोळशाचं. हवा न देता कोळसा भट्टीत खूप तापवला की मागे कोक उरतो, वर गॅस निघतो आणि गॅस थंड करताना त्यातून जाड काळं द्रव्य खाली बसतं. एक टन कोळशाला साधारण 30-40 किलो. दिसायला लाकडाच्या टारसारखं, म्हणून त्याला 'कोल टार' म्हटलं आणि आपण 'कोलतार'. मुंबईत 1865 साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तो गॅस कोळशापासूनच बनायचा, आणि असा गॅस जिथे बनतो तिथे कोलतार आपोआप जमतं. आज ते येतं पोलाद कारखान्यांच्या कोक भट्ट्यांतून: भिलाई, राउरकेला, जमशेदपूर.

सुरुवातीला या द्रव्याचं करायचं काय हा प्रश्नच होता. 1856 साली विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने लंडनमध्ये घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवायच्या खटपटीत कोलतारमधल्या द्रव्यापासून चुकून जांभळा रंग बनवला आणि त्यातून कृत्रिम रंगांचा अख्खा उद्योग उभा राहिला. कोलतारमध्ये नॅप्थॅलीनचं प्रमाण साधारण दहा टक्के असतं. ते वेगळं काढून, पांढरंशुभ्र करून गोळ्या वळल्या की ती तुमची डांबरगोळी. म्हणून नाव बरोबर आहे, फक्त डांबर डोळ्यांना दिसत नाही. बाजारातल्या काही गोळ्यांत आता नॅप्थॅलीनऐवजी दुसरं रसायन असतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. एक गोष्ट मात्र मी भेटेल त्याला सांगतो: तान्ह्या बाळाचे कपडे-दुपटी डांबरगोळीत ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांच्या लाल पेशी नॅप्थॅलीनच्या वाफेने फुटतात आणि कावीळ होते. आजीच्या ट्रंकेतलं मायेचं दुपटं असलं तरी आधी धुवा आणि उन्हात चांगलं वाळवा.

कॅन्सरचा मुद्दा याच घराण्याचा. 1775 साली पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी जोडला. 1915 च्या सुमारास जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशाच्या कानाला महिनोन्‌महिने कोलतार चोळून कॅन्सर होतो हे दाखवून दिलं. कोलतारमधल्या अनेक कड्यांच्या सुगंधी संयुगांचं हे काम. 'सुगंधी' हा रसायनशास्त्रातला शब्द आहे, प्रत्यक्षात वास उग्र. तेव्हा मुलीला सांगा, तुझं म्हणणं कोलतारबद्दल खरं आहे. ही संयुगं बिटुमेनमध्येही असतात, पण फार कमी. गरम बिटुमेनचा धूर रोज छातीत घेणाऱ्या मजुराची काळजी करायलाच हवी, पण गच्चीवर थंड होऊन बसलेल्या थराची भीती नको.

तिसरं घराणं खनिज तेलाचं. कच्चं तेल रिफायनरीत तापवून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतलं, उरलेलं पुन्हा निर्वातात तापवून जे काही उडण्यासारखं आहे ते उडवलं, की तळाशी जे राहतं ते बिटुमेन. मुंबईत माहुलला हे रोज बनतं. म्हणजे टार हे जाळून-कोंडून नव्याने तयार होतं, आणि बिटुमेन तेलात मुळातच असतं, आपण फक्त वरचं काढून घेतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने खरा फरक हा आहे. जमिनीतून आपोआप पाझरणारं बिटुमेनही असतं. मोहेंजोदडोच्या मोठ्या स्नानकुंडाच्या भिंतींमागे पाणी अडवायला त्याचाच थर दिलेला सापडला आहे. म्हणजे तुमच्या गच्चीचा इलाज साडेचार हजार वर्षं जुना आहे.

आणि हा शब्द तर 'टार'पेक्षाही आपल्या जवळचा निघतो. लॅटिन 'बिटुमेन' आणि संस्कृत 'जतु' हे भाषाशास्त्रज्ञ एकाच मुळाचे मानतात. जतु म्हणजे लाख, डिंक. पांडवांना जाळायला बांधलेलं ते जतुगृह, आणि खडकातून पाझरणारं काळं औषध ते शिलाजतु, म्हणजे शिलाजीत. काळं, चिकट आणि दगडातून येणारं. आपल्या पूर्वजांनी वर्णन अचूक केलं होतं, आपणच पुढे सगळ्याला डांबर म्हणून मोकळे झालो.

रस्त्यावर आधी आलं ते मात्र कोलतार. स्कॉटलंडच्या मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोडलेल्या खडीचे थर दाबून रस्ता करायची रीत बसवली. त्यात डांबराचा थेंब नव्हता. त्याचं नाव आपल्या प्रत्येक तालुक्यात अजून रोज घेतलं जातं: डब्ल्यूबीएम, म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, ज्याला आपण खडीकरण म्हणतो. मोटारी आल्या तशी या रस्त्यांची धूळ उडायला लागली. 1901 मध्ये इंग्लंडमधल्या एडगर हूली नावाच्या सर्व्हेयरला एका लोखंडाच्या कारखान्याजवळ रस्त्याचा एक तुकडा धुळीविना गुळगुळीत दिसला. तिथे टारचं पिंप सांडलं होतं आणि कुणीतरी वर लोखंडाच्या भट्टीतून निघणारा टाकाऊ खडा, म्हणजे स्लॅग, टाकून ते झाकलं होतं. हूलीने पुढच्याच वर्षी पेटंट घेतलं. 'टार' आणि 'मॅकॅडम' मिळून 'टारमॅक'. विमानतळावर आजही टारमॅक म्हणतात, खाली टार नसलं तरी.

कोलतार रस्त्यावरून गेलं ते नुसत्या कॅन्सरच्या भीतीने नाही. ते उन्हाने लवकर पातळ होतं आणि थंडीत लवकर ठिसूळ. विदर्भात मे महिन्यात रस्त्याचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर तापतो, तिथे असला माल चालत नाही. बिटुमेन हे फेरफार जास्त सोसतं. तेही सगळं एकसारखं नसतं: व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड, म्हणजे घट्टपणाची प्रत) 10, व्हीजी 30, व्हीजी 40 अशा प्रती असतात, आकडा वाढला की घट्टपणा वाढतो. 60 अंशांना ते किती घट्ट राहतं यावर ही प्रत ठरते. आपल्याकडे बहुतेक कामं व्हीजी 30 वर होतात, जड वाहतुकीचा रस्ता असेल तर 40.

लोकांना वाटतं डांबरी रस्ता म्हणजे भरपूर डांबर. एक किलोमीटर लांब, 7 मीटर रुंद रस्त्यावर 40 मिलिमीटरचा वरचा थर टाकायचा तर माल लागतो साधारण 670 टन. त्यात डांबर 35-36 टन. बाकी सगळी खडी, कच आणि दगडाची भुकटी. शंभर किलोत पाच-साडेपाच किलो, एवढ्या चिमटीवर सगळा खेळ. कमी पडलं की खडी सुटते, जास्त झालं की उन्हात रस्त्याला घाम येतो आणि चाकांचे चर पडतात. पुण्याचा जंगली महाराज रस्ता 1976 साली झाला आणि पुढे कित्येक वर्षं त्याला हात लावावा लागला नाही. त्याची आठवण काढून लोक मला म्हणतात, "त्या काळचं डांबरच वेगळं होतं." तसं नव्हतं हो. पाण्याचा निचरा, खालचे थर आणि दाबाई नीट होती. पाणी डांबराचा शत्रू आहे, आणि निचऱ्याचं गटार बांधायला डांबर लागत नाही.

तापमानाचं एक सांगतो. माल बनवताना डांबर 150 ते 165 अंशांच्या दरम्यान असावं लागतं आणि रोलरचं काम 90-100 अंशांच्या आत उतरायच्या आधी संपावं लागतं. माझ्या उमेदवारीच्या काळात छोट्या कामांवर पिंपं आडवी टाकून खाली लाकडं पेटवायचे. थर्मामीटर माझ्या खिशात असायचा, पण मुकादम त्याच्याकडे बघतसुद्धा नसे. तो धूर बघायचा. पांढुरका धूर असला की "चालतंय", निळसर झाला की ओरडायचा, "ओढा लाकडं, जळालं डांबर!" जळालेलं डांबर पुढे ठिसूळ होतं. मी चोरून थर्मामीटर घालून बघायचो, आणि दहातल्या नऊ वेळा म्हातारा बरोबर निघायचा.

दहाव्या वेळची गोष्ट. रात्री पाऊस पडून गेलेला, एका पिंपात पाणी शिरलेलं कुणाला कळलं नाही. डांबर शंभरच्या पुढे गेलं आणि तळाच्या पाण्याची एकदम वाफ झाली. दूध उतू जातं तसं पिंप उतू गेलं, फक्त हे दूध दीडशे अंशांचं होतं. खालच्या जाळात पडून पेटलं. झारी घेऊन उभ्या असलेल्या एका मुलाच्या पावलावर पडलं. बाकीचे धावले आणि ते ओढून काढायला लागले. मुकादमाने त्यांना शिव्या देत दूर लोटलं आणि पाण्याचा टँकरच पायावर सोडला. त्या वेळी मला ते क्रूर वाटलं, नंतर डॉक्टर म्हणाले त्यानेच पाय वाचवला. अंगावर गरम डांबर पडलं तर आधी भरपूर थंड पाणी, वीस मिनिटं तरी. चिकटलेलं डांबर ओढायचं नाही, कातडी घेऊन येतं. ते दवाखान्यात तेलकट मलमाने सावकाश सुटू द्यायचं. चपलेवर किंवा थंड हातावर साधा डाग असेल तर खोबरेल पुरतं, रॉकेल नको.

आता गच्ची. आपल्याकडे बांधकामात 'टार फेल्ट' हे नाव पडून गेलंय, पण त्याचं भारतीय मानक, आयएस 1322, हे बिटुमेन फेल्टचं आहे. म्हणजे कागदावर टार, प्रत्यक्षात बिटुमेन. हल्ली त्याहून बरं म्हणजे पॉलिमर (रबर-प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ) मिसळलेल्या बिटुमेनचा तयार रोल, खालून गॅसच्या ज्योतीने वितळवून चिकटवतात. चांगला बसतो. नुसतं पिंप तापवून ब्रशने 'डांबर मारतो' म्हणणारा असेल तर पैसे वाया, दोन उन्हाळ्यांत त्याला भेगा जातील. आणि थर कुठलाही असो, आधी गच्चीचा उतार पाण्याच्या तोंडाकडे आहे का ते बघा. नसेल तर मी आधी उतारावर खर्च करीन.

खरं कोलतार बांधकामात अजून कुठेच नाही असं नाही. जमिनीत गाडायच्या लोखंडी नळांना, लाकडी खांबांच्या बुडाला वाळवी लागू नये म्हणून लोक ते लावतात, तिथे ठीक. पण पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून, किंवा लहान मुलं जिथे अनवाणी खेळतात तिथे, अजिबात नको. शिवाय कोलतारवर बिटुमेन किंवा बिटुमेनवर कोलतार चढवू नका, दोघांचं पटत नाही, थर सुटतो. जुन्या गच्चीवर आधी काय मारलंय हे म्हणूनच बघावं लागतं.

राहिलेली टारं उरकतो. सिगारेटचं टार कुणी तंबाखूत घालत नाही. धुरातले सगळे कण गाळणीवर जमवायचे, त्यातून पाणी आणि निकोटीन वजा करायचं, उरतं त्याला टार म्हणायची पद्धत आहे. फुप्फुसात ते ताजं तयार होऊनच येतं. कॉम्प्युटरवाल्यांची 'टार फाइल' म्हणजे 'टेप आर्काइव्ह', तिचा काळ्या रंगाशी संबंध नाही. आणि 'सतार'मधला तार फारसी, त्याचा अर्थ तंतू.

तुमच्या गच्चीवरचा जुना थर कुठला, हे घरीच कळेल. सुपारीएवढा तुकडा खरवडून घ्या. आधी वास: डांबरगोळीसारखा झणझणीत आला तर कोलतारचा संशय. मग काचेच्या एका बाटलीत थोडं टर्पेंटाइन, म्हणजे रंगवाल्याकडचं पेट्रोलियमवालं, घ्या आणि तुकडा त्यात टाका. अर्ध्या तासात टर्पेंटाइन कोऱ्या चहासारखं गडद तपकिरी झालं तर बिटुमेन. नुसतं फिकट पिवळसर राहिलं आणि तुकडा तसाच पडून असला तर कोलतार, मग नवा थर मारण्याआधी जुना काढायचे पैसे कोटेशनमध्ये धरायला लावा, आणि 'टार' खोडून त्या जागी 'पॉलिमर मॉडिफाइड बिटुमेन मेम्ब्रेन' आणि जाडी किती मिलिमीटर ते लिहून घ्या. बाटली नंतर टाकून द्या, लोणच्याला पुन्हा वापरू नका.